लंकाबाईंचा स्पॅनिश उखाणा

माझ्या स्पॅनिशच्या वर्गात कॉलेजची पोरं उत्साहाने येतात आणि महिन्याभरात निम्मी गळतात. लंकाबाई गळाल्या नाहीत. देवळाली कॅम्पहून बसने इंदिरानगरला यायच्या, पुढच्या बाकावर बसायच्या आणि प्रश्न विचारून माझं डोकं खायच्या. फौजींचे गणवेश शिवायचं दुकान नवरा-बायकोने मिळून चालवलेलं. नवरा गेल्यापासून बाई एकट्याच मशीनवर. मुलगी संजना स्पेनमध्ये नांदते. तिच्या सासूशी, कार्मेनशी, स्वतः बोलायचं म्हणून हा सगळा खटाटोप.

"दरवेळी पोरगी मध्ये दुभाषी. विहिणी-विहिणींना खासगी काही नसतं का, मॅडम?"

कर्ता गाळून बोलायचा धडा आला आणि वर्ग रडकुंडीला आला. 'से कोमे' म्हणजे खातात. कोण खातं ते सांगायचंच नाही. लंकाबाईंना मात्र लगेच उमगलं. "आमचा संसारच असा झाला की! 'जेवायचं ना?' 'दुकान उघडायचं ना?'" नवऱ्याचं नाव त्यांनी फक्त लग्नातल्या उखाण्यात घेतलेलं. सरावासाठी मी कितीदा विचारलं, पण ऐन वेळी बाईंना खोकला यायचा. माणूस गेल्यावरही कसली ही लाज, म्हणून माझी चिडचिड व्हायची.

एके दिवशी वर्ग चालू असतानाच कार्मेनचा व्हिडिओ कॉल आला. नातू झाला होता. संजना झोपली होती. बाळाला छातीशी धरून कार्मेन म्हणाली, "याला तुमच्या यजमानांचं नाव ठेवायचं ठरलंय. पण आमच्या घरात ते आधी आजीने उच्चारायचं असतं. सांगा, काय म्हणायचे त्यांना?"

लंकाबाई घामाघूम. मग त्यांना धडा आठवला. "एन कासा से देसीआ 'अहो'." घरात 'अहो' म्हणत.

"आओ! किती गोड!" स्पॅनिशमध्ये 'ह' मुका असतो. कार्मेन बाळाला "आओ, आओ" करू लागली. पोरं हसून बाकांवर लोळली. लंकाबाईंचं तोंड उतरलं.

"अगं बाई, हे काय होऊन बसलं! मॅडम, तुम्ही सांगा ना तिला."

"मला कुठं माहितीये नाव? आणि तिला ते तुमच्याच तोंडून हवंय. उखाण्यात चालतं ना? मग घ्या."

बाईंनी डोक्यावर पदर घेतला. बराच वेळ ओठ हलत होते. मग एका दमात म्हणाल्या, "एन नाशिक से कोमे उवा, से बेबे विनो, मल्हारी एरा मी कामिनो!"

नाशकात द्राक्षं खातात, वाइन पितात. मल्हारी माझी वाट होते. पलीकडून कार्मेनने हळूच "मल्हारी" म्हटलं, आणि लंकाबाई पदर तोंडाला लावून रडल्या. मलाही रडू आलं, उगाच कशाला लपवू?

पुढच्या आठवड्यात पुन्हा कॉल आला. पडद्यावर बाळ जांभया देत होतं. लंकाबाईंनी हाक मारायला तोंड उघडलं आणि लाजून लालबुंद झाल्या.

"अहो," त्या नातवाला म्हणाल्या, "इकडे बघायचं ना?"