सिस्टरच्या गोष्टीतलं लग्न

नवी कादंबरी हातात आली की सिस्टर आधी शेवटचं पान उघडायच्या. उभ्या उभ्याच वाचायच्या, मान डोलवायच्या आणि मग खुर्चीत बसून पहिल्या पानाकडे यायच्या. "लगन होते. आता वाचाले हरकत नाही."

त्या जाऊनही आता बरीच वर्षं झाली. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दिवसभर दुसऱ्यांची दुखणी निस्तरतात आणि स्वतः थकलो असं कधी म्हणत नाहीत.

ऐंशीच्या दशकात बालाघाटच्या एका लहानशा दवाखान्यात मी त्यांच्या हाताखाली नर्स होते. बायकांचा वॉर्ड, बारा खाटा आणि आम्ही दोघी. संध्याकाळपर्यंत पाय सुजून जायचे. सिस्टर ख्रिस्ती, घरची भाषा आपली मराठीच. नागपूरची बहीण त्यांना चर्चच्या कपाटातली जुनी इंग्रजी पुस्तकं पाठवायची. मुखपृष्ठावर गव्हाचं शेत, लांब झग्यातली मुलगी, मागे घोडा. शंभर वर्षांपूर्वीची अमेरिका, पण लढाया, दुष्काळ यांचा फारसा त्रास नाही. गावात नवी आलेली मास्तरीण चिखलात पडायची, डुकरं तिची टोपी पळवायची, तापट शेतकरी तिच्यावर खेकसायचा आणि मग दोघंही प्रार्थना करून शहाणी व्हायची.

मी तेव्हा रडवणाऱ्या कादंबऱ्या वाचत असे आणि त्याचा मला ताठाही होता. एकदा मी विचारलंच, "सिस्टर, खऱ्या आयुष्यात असं होतं का कुठं?"

"नाही होत, म्हनून तं वाचते बापा. जे होते ते सकाळपासून पाहूनच राह्यलो नं आपन."



पुस्तकातली गोष्ट मग सिस्टर दुपारी वॉर्डात सांगायच्या. सांगता सांगता अमेरिका कुठल्या कुठे जायची. मास्तरीण आमच्या इकडच्या बिरशाच्या बसस्टँडवर उतरायची, घोड्यांचे बैल व्हायचे. प्रार्थना तेवढी सिस्टर तशीच ठेवायच्या आणि ती आली की बाया आपापल्या देवाला हात जोडायच्या. ही मास्तरीण सिस्टरच्या नात्यातलीच, अशी सगळ्यांची समजूत. एकीनं तर घरी जाताना तिच्यासाठी हिरव्या बांगड्या ठेवल्या. सिस्टरनी मुकाट्यानं घेतल्या.

एका वर्षी आमच्याच जिल्ह्यातल्या खैरलांजीकडची एक मुलगी भरती झाली. जेमतेम अठरा वर्षांची, हृदयाची झडप निकामी झालेली. आता हातात काही नाही, असं मोठ्या डॉक्टरांनी तिच्या आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं. मुलगी अन्नाला शिवत नव्हती. गोष्ट सुरू झाली की मात्र तोंड उघडायची. सिस्टर एक वाक्य सांगायच्या, एक चमचा पेज भरवायच्या.

आठ दिवसांत पुस्तक संपत आलं, पण सिस्टरनी ते संपवलंच नाही. लग्न ठरलं, तर नाल्याला पूर आला. पूर ओसरला, तर नवरदेवाचा बैलच हरवला. बैल सापडला, तर पादरी तापानं पडला. यातलं पुस्तकात काही नव्हतं. वॉर्ड चिडला. मलाजखंडच्या खाणीवरची एक मजूरबाई उठून बसली. "सिस्टर, वो पादरी ठीक नहीं होता तो दुसरा बुलाओ ना! किती दिवस चालवून राह्यल्या?" मुलगी हसली. हसताना तिला धाप लागली, तरी हसतच राहिली.

असा महिना गेला. एका दुपारी तिनंच चमचा बाजूला केला.

"सिस्टर, लावून टाका नं आता लगन. मी थकली."

"उद्या लावते. आज एवढी पेज खा."

तिनं खाल्ली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

सकाळी तिची आई ताट-वाटी गाठोड्यात बांधत होती. बाहेर गाडी उभी होती. गाठ मारता मारता तिनं विचारलं, "सिस्टर, त्या मास्तरनीचं लगन झालं का?"

"झालं," सिस्टर लगेच म्हणाल्या. "काल सांजेले तू पान्याले गेलती नं, तवा सांगतलं मी तिले सारं."

"हासली का?"

"हौ. मस्त हासली."

"मंग बरं झालं," आई म्हणाली आणि गाठोडं उचलून बाहेर गेली.

आदल्या संध्याकाळी मी त्याच खाटेजवळ होते. मुलगी झोपलेली होती आणि सिस्टरनी कुणाला काहीच सांगितलं नव्हतं. गोष्टीत त्या वाटेल ते घुसडायच्या, पण कुणाच्या तोंडावर खोटं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. एक दिवस आधी लग्न लावून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं, म्हणून मला त्यांचा राग आला. त्यांच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. यातलं मी काहीच केलं नाही, नुसती पाहत राहिले.

सिस्टर रिकाम्या खाटेवरची चादर काढायला लागल्या होत्या.

"अशी पाहू नोको," त्या म्हणाल्या. "देवाशी मी बोलून घेईन. तू तिकडचं टोक धर."