चाकावर बसलेले मिस्त्री

केंदूरहून कांदे भरून निघालो होतो. सोलापूर रस्त्याला लागल्यावर पिकअपचं पुढचं डावं चाक खड्ड्यात आदळलं आणि खडखडायला लागलं. भांडगावला रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये गाडी घेतली. मिस्त्री साठीचे, अंगानं वाळलेले. त्यांनी जॅक लावला, चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं आणि म्हणाले, "बॉल जॉइंट गेलाय. नवा टाकाय लागंल. पाटसवरनं मागवतो."

"आज जाऊ द्या, मामा. माल उतरवून उद्या येतो."

त्यांनी चाक काढलं, जमिनीवर आडवं टाकलं आणि त्याच्यावरच बसले. मी चिडलो. ते खालमानेनं म्हणाले, "जावयाला म्हणलो हुतो, चालंल दोन दिवस. जॉइंट तुटला, चाक आत दुमडलं, गाडी पुलाखाली गेली. लेक आता माझ्याकडंच असती. सैपाक करती, वाढती. तीन वर्षं झाली, माझ्याशी बोलत न्हाई."

मी गॅरेजमधल्या बाकावर जाऊन बसलो. दुपारी जॉइंट आला. तो बसवल्यावर त्यांनी चाक पुन्हा पुन्हा हलवून पाहिलं. मी म्हणालो, झालं की आता. तरी ते परत गाडीखाली गेले.

मी निघणार तेवढ्यात एक बाई जेवणाचा डबा घेऊन आली. मिस्त्री हात पुसत घाईनं उठले.

"ऊन लई हाय. जरा टेक," ते म्हणाले.

तिनं डबा बाकावर ठेवला, कालचा रिकामा उचलला आणि त्यांच्याकडे न पाहता निघून गेली. ती दिसेनाशी झाली तरी मिस्त्री जेवायला बसले नाहीत.