तपासणी भावोजींची, काळीज धाकटीचं

आमच्या धाकटीला, म्हणजे माझ्या धाकट्या जावेला, लग्न होऊन आल्यापासून आजारी पडायची पाळीच मिळाली नाही. इस्त्रीचं दुकान नवऱ्याचं, इस्त्री मात्र हिच्या हातात. कॉलर बघून माणूस चिडका की शांत ते सांगायची, आणि बहुतेक वेळा चुकायची.

भावोजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, स्वतः इस्त्री न करण्याचं कारण त्यांचं काळीज. आमचे सासरे बसल्या जागी गेले, चुलतसासरे तर जांभई देता देता. तेव्हा घरात ठरूनच गेलं, हार्ट पुरुषांचं. बायकांना होतो तो गॅस.

भावोजी मग काचेचं भांडं झाले. त्यांच्यासमोर मोठ्यानं शिंकायचीही चोरी. खुर्चीत बसून गिऱ्हाइकाला ‘या’ म्हणायचे, तेवढ्यानंही दमायचे. कपड्यांची गाठोडी घेऊन जिने चढायची धाकटी. अलीकडे अर्ध्या जिन्यात थांबून जबडा चोळायची, घामानं निथळायची.

“काय गं?”

“गॅस, जाऊबाई. जबड्यात अडकलाय.”

“जबड्यात कसा गं जाईल?”

“बोलायला फुरसत नाही, मग बाहेर कुठून पडणार?”

भावोजींच्या छातीची तपासणी दरसाल ठरलेली. यंदा आम्ही दोघी सोबतीला गेलो, तर दवाखान्यात नवीन मशीन होतं. त्याच्या वायरी बघून भावोजी भिंतीला चिकटले. “वहिनी, करंट बसला तर?”

“सरका तिकडं!” धाकटी वैतागली आणि स्वतःच टेबलावर आडवी झाली. “लावा हो मला. बघू दे यांना, काही होत नाही ते.”

तपासणारी बाई हसली. तिनं धाकटीला वायरी लावल्या, बटण दाबलं. कागद बाहेर आला आणि बाईचं हसू आत गेलं.

डॉक्टर धावत आले. “दुखतंय कधीपासून?”

“दुखतंय कुठं? गॅस आहे.”

“गॅस नाही, काकू. हृदयाची नळी तुंबलीय. आत्ता उघडली नाही तर वाचणं कठीण.”

भावोजी चक्क दुखावले. “अहो, पण हा आजार आमच्या घराण्याचा! ही तर माहेरून आलेली.”

डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणाले, “काका, पूर्वीपेक्षा माणसं यानं कमी दगावतात आता. पण सगळीकडे सारखं नाही. बंगल्यातली वेळेवर येतात, गल्लीतली उशिरा. आणि गल्लीतल्या बायका सगळ्यांत उशिरा.”

“ही तर आलीच नव्हती,” मी म्हटलं. “ही सोबतीला आली होती.”

धाकटीला आत नेलं. भावोजी दारापाशी उभे ते उभेच. खुर्ची दिली तरी बसेनात. उन्हं उतरता उतरता डॉक्टर बाहेर आले. नळी मोकळी झाली, म्हणाले.

आम्हाला आत सोडलं. भावोजींनी तिचा हात धरला. “एवढं होत होतं, मला सांगायचं नाही का गं?”

“तुम्हाला? धक्का नसता बसला?”

भावोजी हसायला गेले आणि भोकाड पसरून रडले. धाकटीनं शेजारच्या खाटांकडं पाहिलं.

“हळू रडा,” ती म्हणाली. “इथं सगळ्यांनाच काळीज आहे.”