लेकीला पाठवलेली चुकीची किल्ली

खोकलं, शिंकलं की मला लघवी आवरत नव्हती. वर्ष झालं होतं. हळदीकुंकवाला जाणंही मी सोडलं होतं. दिवाळीला लेक पुण्याहून भोपाळला आली, तेव्हा तिला सांगायचं ठरवलं होतं, पण तोंडातून शब्द निघाला नाही. लिहिता आलं असतं. पण मेल हे उघडतात आणि आलेलं-गेलेलं सगळं मोठ्यानं वाचतात. मनात काही नसतं त्यांच्या, सवय आहे.

"फक्त तुलाच वाचता येईल असं लिहिता येतं का गं?" एवढंच मी विचारलं. का, ते तिनं विचारलं नाही.

तिनं लॅपटॉपवर सोय करून दिली आणि समजावलं. लॅपटॉपमध्येच दोन किल्ल्या बनवायच्या. एकीनं पत्राला कुलूप लागतं, ती समोरच्याला द्यायची. दुसरीनं उघडतं, ती आपल्यापाशी. तेवढ्यात तिच्या गाडीची वेळ झाली. चार दिवसांनी, हे ड्यूटीवर गेल्यावर, तिनं लिहून दिलेला कागद समोर ठेवून मी किल्ल्या बनवल्या आणि तिला मेलनं पाठवल्या.

संध्याकाळी तिचा फोन आला. "आई, उघडायची पण पाठवलीस?"

"तुझ्याकडे एक असू दे म्हटलं. गावाला जाताना आपण शेजारी ठेवतोच ना."

"माझ्याकडेसुद्धा नको. आणि मेलनं गेली म्हणजे बाबांच्या हातीही लागली. ह्या रद्द कर, नव्या बनव."

पोटच्या मुलीलाही द्यायची नाही, अशी वस्तू माझ्याकडे आजवर नव्हती. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं केलं. या वेळी एकच पाठवली.

ती माझीच आहे ना, हे ताडून बघायला तिनं फोनवर किल्लीचे चाळीस आकडे आणि अक्षरं वाचायला लावली. मी चौथी शिकलेली. पण त्यात इंग्रजी अक्षरं एफपर्यंतच येतात, म्हणून निभावलं. हे शेजारीच चहा पीत होते.

"लॉटरी लग गई क्या भाई?"

मी आवाज खाली आणला. "हे ऐकताहेत गं."

"ऐकू दे. आपल्या अख्ख्या इंद्रपुरी कॉलनीला ऐकव. हा नंबर लपवायचा नसतो. मोठ्यानं वाच."

मग मी वाचला. इतक्या मोठ्यानं घरात कधी बोलले नसेन.

पत्र सात ओळींचं झालं. लेकीनं तिची कुलूप लावायची किल्ली लॅपटॉपवर ठेवूनच दिली होती, ती लावून मी ते पाठवलं. रात्री ह्यांनी मोबाईलवर मेल उघडली. "हा काय कचरा गेलाय? बिघडलंय वाटतं."

"विचारते तिला," मी म्हटलं.

तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. उघडायच्या किल्लीला आपण ठरवलेलं परवलीचं वाक्य घालावं लागतं, ते माझं दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा उघडलं. 'आई, बाळ झाल्यापासून मलाही होतं. मीही कुणाला सांगितलं नाही. यावर इलाज असतो. तू तिकडे दाखव, मी इकडे दाखवते.'

सोमवारी मी एकटीच साकेत नगरला, एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी विचारलं, "क्या तकलीफ है?"

मी सांगितलं.