कोयता क्रमांक सतरा-ब

डॉ. दिपाली पालवे हिने संमतिपत्रांचा गठ्ठा तिसऱ्यांदा मोजला, तेव्हाही तो सत्तरच भरला. रक्ताच्या नळ्या मात्र एकशे चाळीस घेतल्या होत्या. मंगळवारची दुपार होती आणि अर्जाची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचला संपत होती.

अर्ज होता एका प्रशिक्षण कार्यक्रमाचा. संशोधनात नव्याने पडणाऱ्या डॉक्टरांना दोन वर्षं जाणत्या संशोधकाच्या हाताखाली तयार करायचं. देशभरातून पंधरा जण निवडत. बंगळुरूच्या एक मूत्रपिंडतज्ज्ञ बाई तिच्या मार्गदर्शक व्हायला तयार झाल्या होत्या. अट अशी की सहायक प्राध्यापक होऊन पाच वर्षं उलटलेली नसावीत. दिपालीची मार्चमध्ये उलटत होती. म्हणजे हा तिचा पहिला अर्ज आणि हाच शेवटचा.

विषय तिच्या घरचाच होता. ऊसतोड करणारी माणसं उन्हात दहा-बारा तास राबतात आणि पाणी कमी पितात. बायका तर आडोसा मिळत नाही म्हणून पिणंच टाळतात. त्याचा मूत्रपिंडावर काय परिणाम होतो, हे तिला तपासायचं होतं. ती पाथर्डी तालुक्यातली. आई बायडाबाई आणि वडील सहादेव यांनी बावीस हंगाम ऊस तोडला. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी या कामातली मोजणी. मुकादमाच्या वहीत बावीस वर्षं ‘सहादेव पालवे, कोयता एक’ एवढंच येत राहिलं. बायडाबाईचं नाव एकदाही नाही. दिपालीला याचा लहानपणापासून संताप. प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर तिने तो ओतला होता. ज्या कामात बाई मोजलीच जात नाही, तिथे तिचं दुखणं तरी कोण मोजणार, असं लिहिलं होतं. मार्गदर्शक बाईंनी कळवलं होतं की या पानाला हात लावू नका.

आणि तिच्याच गठ्ठ्यात बायका नव्हत्या. प्रस्तावाला आधार म्हणून तिने आधीच एक छोटी तपासणी करून घेतली होती. देवळाली प्रवराजवळच्या अड्ड्यावर, जिथे तोडणीवाल्यांच्या खोप्या पडल्या होत्या तिथे, मुकादम बिभीषणने यादी दिली होती. तीच यादी तिने जशीच्या तशी उतरवून घेतली. सतराव्या कोयत्यातला नवरा सतरा-अ, बायको सतरा-ब. संमतिपत्रंही यादीवरूनच छापली, कोयत्यामागे एक. नवऱ्याने अंगठा उठवायचा, मग दोघांनी हात पुढे करायचे. त्या दिवशी रक्त काढता काढता ती स्वतःच म्हणत होती, पुढचा कोयता या. एकदा नाही, सत्तर वेळा. तोंडातून शब्द इतका सहज येत होता की कानाला खटकलाही नाही.

हे आठवलं तसं तिचं अंग तापलं. दुसऱ्या कोणी केलं असतं तर तिने त्याला धड सोडलं नसतं. इथे सोलून काढायला समोर कोणी नव्हतं.

विभागप्रमुख वाबळे सरांना सांगायला गेली, तेव्हा ते शांतपणे चहा पीत होते. कॉलेजचं शिफारसपत्र त्यांच्या सहीने जायचं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि टेबलाच्या खणातून शाईचं पॅड काढून तिच्यासमोर ठेवलं.

“सत्तर अंगठेच हवेत ना? वॉर्डात माणसं काय कमी आहेत?”

तिला वाटलं, थट्टा करताहेत. थट्टा नव्हती. त्यांनी समजावलं की अंगठे कोणी ताडून बघत नाही, तारीख मागची टाकायची, आणि तुमच्याकडच्या बायका काही कोर्टात जाणाऱ्यातल्या नाहीत.

“आमच्याकडच्या म्हणजे कोणाकडच्या, सर?”

सरांनी कप खाली ठेवला. मग जरा कडक आवाजात बजावलं की झाली चूक अर्जात लिहायची नाही, संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीला कळवायची नाही. कॉलेजचं नाव खराब होईल. कळवलंस तर शिफारसपत्र विसर. दिपालीने पॅड उचललं, त्यांच्या खणात परत ठेवलं आणि खण इतक्या जोरात लावला की कपातला चहा बशीत सांडला.

बुधवारी दुपारी नगरच्या सावेडीहून स्कूटर काढून ती अड्ड्यावर पोचली. बिभीषण बैलगाड्यांच्या नोंदी करत बसला होता. प्रत्येक बाईची वेगळी संमती पाहिजे, हे ऐकून तो हसलाच.

“म्याडम, कोयत्याची खोप एक, गाडी एक. मंग अंगठे दोन कशाला? तुमी तर आमच्यातल्याच, तुमाला काय सांगायचं?”

आपल्यातलीच आहे म्हणूनच चुकले, असं तिच्या ओठांवर आलं होतं. ते गिळून तिने एवढंच सांगितलं की मी बायकांशी बोलणार आहे, आणि बोलताना तुम्ही तिथे थांबायचं नाही. बिभीषण पुटपुटत गाडीतळाकडे गेला.

एकोणीस कोयते दुसऱ्या कारखान्याकडे गेले होते. राहिल्या एक्कावन्न बायका. त्या उसाच्या फडातून परतल्या तशी दिपाली रात्री उशिरापर्यंत खोपीखोपीतून फिरली. चुलीपुढे बसून प्रत्येकीला सगळं पहिल्यापासून सांगितलं: रक्त कशासाठी घेतलं, त्याचं काय होणार, आणि नको असेल तर नको म्हणायचा हक्क. कित्येकींना हा काय प्रकार आहे तेच कळेना. मालकानं अंगठा दिला की, असं त्या म्हणत. तुमचा हवाय, असं तिने सांगितलं की काही लाजत, काही नवऱ्याकडे बघत, मग अंगठा पुढे करत. प्रत्येक कागदावर तिने त्या दिवसाचीच तारीख घातली.

केशरबाई मात्र भाकरी थापतच राहिली. पन्नाशीची, अंगाने वाळलेली बाई. यादीतली सतरा-ब. सगळं ऐकून झाल्यावर तिने विचारलं,

“रगत तर कवाच नेलं की तुमी. आता इचारायला आलात व्हय?”

“चुकलं माझं, मावशी.”

“आन मी न्हाई म्हनलं तर?”

“तर तुमचं रक्त टाकून देईन. तुमचा आकडा कुठंच येणार नाही.”

केशरबाईने तव्यावरची भाकरी उलटली. “मंग टाका. मला रगताचं काय न्हाई. पर तवा माझ्याकडं कुनी बघितलं बी न्हाई. हात धरला, सुई घातली. म्हशीला घालत्यात तशी.”

केशरबाईच्या रिपोर्टमध्ये मूत्रपिंडाचा आकडा सगळ्यात वाईट होता, आणि प्रस्तावातला सगळ्यात भक्कम पुरावा तोच होता. आकडा वापरता येणार नव्हता, पण ज्याचं दुखणं त्याला सांगायलाच हवं होतं. तिने केशरबाईला ते नीट सांगितलं, नगरच्या ओपीडीचा दिवस कागदावर लिहून दिला, स्वतःचा नंबर दिला. संमतीच्या कागदावर मात्र तिच्यासमोरच ‘नकार’ असं लिहिलं. तिच्यामागे आणखी सहा जणींनी नकार दिला. अंगठे मिळाले चव्वेचाळीस.

गुरुवारी सकाळी तिने पहिलं काम केलं ते नैतिकता समितीकडे. झालेली चूक दोन पानांत लिहिली, नकाराच्या सात आणि न भेटलेल्या एकोणीस नळ्या नष्ट करत असल्याचं कळवलं आणि पोच म्हणून आवकचा शिक्का मारून घेतला. त्याच दुपारी प्रयोगशाळेत उभं राहून सव्वीस नळ्या तिने स्वतः विल्हेवाटीला दिल्या. प्रस्तावात माणसांचा आकडा एकशे चाळीसचा एकशे चौदा केला. पहिल्या पानालाही हात लावला. मुकादमाच्या वहीवरच्या वाक्याखाली लिहिलं की माझ्या स्वतःच्या नोंदवहीतही हेच झालं, आणि कसं झालं.

शुक्रवारी साडेतीनला ती वाबळे सरांसमोर उभी राहिली. समितीची पोच त्यांच्यापुढे ठेवली. सरांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. सही अडवली तर ती का अडवली, हेच समिती विचारणार होती. त्यांनी पत्र ओढून घेतलं, सही ठोकली आणि कागद तिच्याकडे सरकवला.

तिने उभ्यानेच वाचलं. आठवड्यातले दोन दिवस मोकळे देऊ, असं हवं होतं. सरांनी ‘दोन’ खोडून ‘एक’ केलं होतं. एक दिवस म्हणजे अर्ज पहिल्या चाळणीतच बाद.

“दोन, सर.”

“विभागात कामं कोण करणार?”

“दोन. नियमात आहे. मी इथेच थांबते.”

ती खरोखरच थांबली. बसलीही नाही. दोन विद्यार्थी दारातून डोकावून परत गेले. सरांनी फोन केला, फाइल उघडली, मिटली. घड्याळात सव्वाचार झाले. अखेर त्यांनी खोडाखोडीवर पुन्हा दोन केलं, बाजूला सही केली.

“पुढच्या वर्षी तुला या विभागात कोण विचारतं ते बघू.”

“मी बायकांना विचारून घेतलं नव्हतं, त्यातूनच हे सगळं झालं, सर. पुढच्या वर्षाचं तुम्ही बघा.”

खोलीत येऊन तिने पत्र स्कॅन केलं. पाचला वीस मिनिटं कमी असताना अर्ज गेला. निवड मे महिन्यात कळणार होती. पडद्यावर पोच आली, तिकडे तिने बघितलंही नाही. टेबलावर आधी छापून उरलेल्या कोऱ्या संमतिपत्रांचा जुना गठ्ठा पडला होता. वर छापलेलं होतं, ‘कोयता क्रमांक’. तिने एकेक कागद फाडायला घेतला, आणि हात दुखायला लागले तरी थांबली नाही.