तलावाच्या पाळीवरची भागरतामाय

आधीच सांगून ठेवते. माझी शाळा चौथीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही आणि अक्षर ओळीवर राहत नाही. ही वही दाखवायला नाही, पण कोणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घालाव्यात. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही, म्हणून भागरतामाय गेल्यावर तिच्याबद्दल लिहायला बसले.

भागरतामाय बोलता बोलता मासे मारायची. तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, तिचं निळ्या दाराचं घर होतं आणि दारासमोर एक काळा दगड. जिवंत मरळ शेपटीकडून धरायची, दगडावर आपटायची आणि दोन आपटण्यांच्या मध्ये आपल्याशी बोलायची. "बस वं." धप्प. "चहा पेते का?" धप्प. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा तिनं असंच विचारलं, "नवरा मारते का तुले?" मी मान हलवून नाही म्हटलं. "मारलं तं मले सांगजो," ती म्हणाली आणि मासा आपटला.

तिच्या नवऱ्यानं तिला बारा वर्षं मारलं होतं. मग एक दिवस तिनं डोंग्याचं वल्हं उचललं आणि त्याचा उजवा हात मोडला. हाड जुळेपर्यंत त्याला घासही तिनंच भरवला. "मीनंच मोडला, मंग कोन चारन?" असं म्हणायची. नवरा मेल्यावर ती एकटीच राहिली. मूलबाळ नव्हतं. माहेर देवरीकडचं. भंडारा जिल्हा तुटला आणि माहेर गोंदियात गेलं. "मले नवऱ्यानं नाही हाकललं," ती हसून सांगायची, "सरकारनं माहेरच हाकलून देल्लं." हसायची, पण तिला जायला दुसरी जागा नव्हती हे खरंच होतं.

एका उन्हाळ्यात नागपूरचे तिघे जण, दोन मुलं आणि एक मुलगी, चित्रं काढायला आमच्या गावात आले. आठ दिवस शाळेत राहिले. तलाव काढला, पाळ काढली, सिंदीची झाडं काढली, भागरतामायचं दार काढलं. दोन वर्षांनी त्या चित्रांवरून कार्टूनचा सिनेमा आला. माझ्या सोनूनं तो मोबाइलवर इतक्यांदा पाहिला की तिला सगळा पाठ झाला. त्यात पाळीवर एक चेटकीण राहते, पोरांच्या मासोळ्या करते, आणि एक शाळकरी मुलगी त्यांना सोडवते. तलाव आमचाच होता. निळं दार भागरतामायचंच होतं. चेटकिणीचं लांब नाक आणि लाल डोळे तेवढे मनानं काढलेले.

मग दर रविवारी गाड्या येऊ लागल्या. भंडाऱ्याच्या, नागपूरच्या. पोरं मोबाइलवरचं चित्र आणि आमची पाळ जुळवून पाहायची आणि विचारायची, "चेटकिणीचं घर कोणतं?" पहिल्या रविवारी भागरतामाय काठी घेऊन धावली. दुसऱ्या रविवारी तिनं मला हाक मारली.

"सोनूची माय, काजळ आन वं."

मी तिच्या डोळ्यांभोवती गालापर्यंत काजळ फासलं. पांढरे केस मोकळे करून पुढे ओढले. ती दगडापाशी बसली. पोरं जवळ आली तशी मरळ आपटली आणि म्हणाली, "या, या. आज कोनाची मासोळी करू?" पोरं किंचाळत पळाली आणि हसत परत आली. फोटोचे वीस रुपये घ्यायची. "सारी जिंदगी मासोळ्या मारल्या, कोनी पाहाले नाही आलं," ती मला म्हणाली. "आता खोटे खोटे पोट्टे मारून राहिली तं रांग लागली."

गावातले बापेही उभे राहून हसायचे. सगळ्यात जास्त देवानंद. पाळीखाली त्याचं चहाचं दुकान होतं आणि रविवारी त्याचं दूध पुरत नसे. त्याची चार वर्षांची पिंकी भागरतामायच्या मांडीवर बसूनच फोटो काढून घ्यायची.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात पिंकीला ताप आला. दोन दिवस घरीच अंगारे-धुपारे झाले. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेताना ती वाटेतच गेली.

तेरवी व्हायच्या आधी कोणीतरी मोबाइल काढला. त्यातल्या व्हिडिओत भागरतामाय होती, तोंडभर काजळ, मांडीवर पिंकी. "हिले मासोळी करते, उद्या पाहजा," असं म्हणत होती.

भर दुपारी वीसेक माणसं पाळीवर चढली. तिला केसांना धरून दाराबाहेर ओढलं. पहिला फटका देवानंदनं मारला, चुलीच्या लाकडानं. तिला तिच्याच दगडाशी बसवून सिंदीच्या फोकांनी मारलं. "कबूल कर, पोट्टी खाल्ली म्हून." तिनं एकाचं बोट हाडापर्यंत चावलं. "तुह्या मायचं बाळंतपण मीनं केलं रे," ती एकाला म्हणाली, "तवाच तुले पान्यात फेकाले पायजे होतं." त्यानं लाकूड घातलं ते तिच्या डाव्या डोळ्यावर बसलं. देवानंदचं लाकूड त्याच्या हातात कसं गेलं ते मी पाहिलं. देवानंदनंच दिलं.

मी समोरच्या आमच्या घरातून, दाराच्या फटीतून पाहत होते. दाराची कडी मी आतून लावली होती आणि सोनूचं तोंड हातानं दाबून धरलं होतं. काजळाची डबी समोरच्या फळीवर होती.

ती पडल्यावर तिला वीस हजार दंड लावला, गावावरचं अरिष्ट जावं म्हणून. पेटीतले पैसे काढले. कमी पडले त्यासाठी तिचा डोंगा आणि जाळी विकली.

दवाखान्यातून कळलं म्हणून दुसऱ्या दिवशी पोलीस आले. भागरतामाय भंडाऱ्याच्या दवाखान्यात पडली होती. साहेबांनी सगळ्यांना शाळेत बोलावलं. जो तो एकच सांगत होता, तिनंच कबूल केलंय, मोबाइलमध्ये आहे, पाहा. साहेबही पाहत होते आणि मान हलवत होते.

मी उठून घरी गेले. काजळाची डबी घेऊन परत आले. डबी टेबलावर ठेवली.

"हे मीच लावत होती साहेब," मी म्हटलं. "नाटक होतं ते. देवानंदभाऊ हासून राहिले त्याच्यात. आवाज मोठा करून ऐका."

साहेबांनी आवाज वाढवला. पिंकी खिदळत होती आणि मागे तिचा बाप हसत होता. देवानंद भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

त्या दिवशी आमच्या छपराच्या कवेलूंवर दगड पडले. नवऱ्यानं मला मारलं. पहिल्यांदाच. "सारं गाव अंगावर घेतलं तूनं," म्हणत मारलं.

मी भंडाऱ्याला गेले तेव्हा भागरतामायच्या अर्ध्या तोंडाला पट्टी होती. उरलेल्या डोळ्यानं तिनं माझा गाल पाहिला. "कोनं?" मी सांगितलं नाही. गावात परतल्यावर ती आधी आमच्या अंगणात आली, नंतर स्वतःच्या घरी गेली. माझ्या नवऱ्याला म्हणाली, "तू जेवते कोन्या हातानं बाबू?" तो म्हणाला, उजव्या. "मंग त्याले सांभाळ." त्यानंतर त्यानं हात उचलला नाही.

पकडलेले जामिनावर सुटून आले, केस चालू होती. "कोर्टाचं कोर्ट पाहील," ती म्हणायची, "माह्ये वीस हजार माह्या हातात पायजेत. चोरानं नेले असते तं सोडले असते. गावानं नेले." ती रोज सकाळी एकेकाच्या दारात जाऊन बसायची. शिवी द्यायची नाही, मागायची नाही. फुटलेला डोळा दाराकडे करून नुसती बसायची. घरातली पोरं रडायला लागायची. दीड वर्षात एकेक करून माणसं पैसे आणून देऊ लागली. गाड्या अजून येत होत्या. चेटकिणीचं घर विचारलं की ती सांगायची, "मेली ते."

देवानंदच्या दारात मात्र ती कधी बसली नाही. तो सगळ्यात शेवटी आला, धान विकून झाल्यावर. मी तिच्याजवळ बसले होते. त्यानं नोटा पुढे केल्या. तिला आता नोटा नीट दिसत नव्हत्या.

"मोज वं सोनूची माय."

मी मोजल्या. दोन हजार होते. आधीचे अठरा झाले होते.

"पुरे झाले," मी म्हटलं.

देवानंद तिथंच उभा राहिला. "माय," तो म्हणाला, "मिटलं ना आता?"

भागरतामायनं नोटा लुगड्याच्या गाठीत बांधल्या.

"पैशाचं मिटलं," ती म्हणाली. "डोळा तुह्याकडं रायला."