आदर्श पाठातले मोहाचे लाडू

एका पोरीबद्दल मी भर वर्गात काय बोललो आणि नंतर तिच्या आईसमोर काय नाकारलं, हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

आर्वी तालुक्यातल्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवतो. पॅसिव्ह व्हॉइस पोरांच्या डोक्यात शिरेना, म्हणून मी तो चुलीवरून शिकवायला लागलो. डाळ भिजवली जाते, कांदा चिरला जातो, हे इंग्रजीत सांगा. पोरं बोलू लागली. वडाभात, डाळभाजी, सणाची पुरणपोळी. मागच्या बाकावरची, घरी गोंडी बोलणारी एक मुलगी सहसा तोंड उघडत नसे. तीही एक दिवस उठली आणि तिनं मोहाचे लाडू सांगितले. फुलं वेचली जातात, वाळवली जातात, भाजून तिळासोबत कुटली जातात. एकही चूक नाही. दुसऱ्या दिवशी तिनं कागदात गुंडाळून माझ्यासाठी एक लाडू आणला. मी खाल्ला. चांगला होता.

मग माझा आदर्श पाठ ठरला. तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब येणार म्हटलं की आमच्याकडे उत्तरं आधीच वाटून दिली जातात. तिला घेतलं, कारण ती चुकणार नव्हती. पण मोह म्हटलं की साहेबांना दारूच आठवेल, ही मला धास्ती.

"तू पुरणपोळी सांगजो."

"पण सर, आमच्या घरी..."

"पाठ कर."

तिनं केली. साहेब खूश झाले आणि मराठीत म्हणाले, "वा बेटा! मग घरी पुरणपोळीवर काय घेता?"

आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल, वाटीभर तूप. ती म्हणाली, "मी खाल्लीच नाई जी."

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. पाठ बुडाला असं मला वाटलं आणि मी हसत म्हणालो, "साहेब, यांच्या घरी कायची पुरणपोळी? मोहाची भट्टी!"

साहेब हसले. वर्ग हसला. पाठ उत्तम झाला.

"ए भट्टी, एक गिलास दे ना!" पोरं तिला चिडवू लागली. माझ्या कानावर येत होतं. मी कुणालाच दटावलं नाही, कारण शब्द माझाच होता. ती यायची बंद झाली. काही दिवसांनी आई तिला हाताला धरून घेऊन आली.

"सर, पोरगी शाळेत येत नाई म्हन्ते. तुमीच भट्टी म्हनलं, म्हन्ते. खरं हाय का जी?"

व्हरांड्यात बाकीचे शिक्षक चहा पीत होते.

"नाई बाई. मी काऊन म्हणीन?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मी आता तरी सांगेन, असं तिला वाटत असावं. तेवढ्यात आईनं तिच्या तोंडात भडकावली. "सरावर आळ घेते? लाज नाई वाटत?" मग माझ्यापुढे हात जोडले. "माफ करजा जी. लहान हाय."

मी मान डोलावली. म्हणजे मी माफ केलं.

ती परत शाळेत आली नाही. लवकर लग्न करून दिलं. आई अजून रोहण्याच्या आठवडी बाजारात भेटते, आपणहून बोलते. मागच्या खेपेला म्हणाली, "तुमी लय जीव लावून शिकवलं जी. आमचीच खोटाडी निघाली."

मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि निघालो.

तुमची पोरगी खरं बोलत होती, खोटं मी बोललो. एवढं मला त्या बाईला सांगायचं आहे, मुलीच्या देखत. अजून सांगितलेलं नाही.